ड्रॅगन आला आणि पिक्चर पडला!

सत्तेचाळीस सामुराई, एक चेटकीण, एक ड्रॅगन आणि साताऱ्याहून सांगलीपर्यंतचा सव्वाशे किलोमीटरचा प्रवास... एवढं सगळं जुळवून आणल्यावरही मॅटिनी फुसकी निघाली. का? त्याची ही गोष्ट.

पोस्टर बघून पिक्चर ठरवायची सवय आपल्या पिढीला कुणी लावली कोण जाणे, पण ‘४७ रोनिन’च्या पोस्टरनं भल्याभल्यांना गंडवलं. आठवतंय का ते? तलवार घेतलेला कियानू रीव्ह्ज, आजूबाजूला जपानी मंडळी आणि चेहराभर कवटी गोंदवलेला एक खुनशी माणूस. तो होता रिक जेनेस्ट नावाचा कॅनडाचा मॉडेल, ‘झोंबी बॉय’ म्हणून जगभर फेमस. आपण मनातल्या मनात त्याला थेट मेन व्हिलन करून टाकतो. अख्ख्या पिक्चरमध्ये तो दिसतो किती? मोजून काही सेकंद! पॉपकॉर्नचा सांडलेला दाणा उचलायला खाली वाकलात, की संपला.

हे २०१४च्या जानेवारीतलं. सोमवार ते शुक्रवार पुण्यात कंपनीची केबिन, शनिवार-रविवार साताऱ्यात आईच्या हातची भाकरी, असं माझं तेव्हाचं वेळापत्रक. त्या शुक्रवारी रात्री सांगलीहून मामेभावाचा फोन. ‘‘रविवारी ये. तिकिटं काढून ठेवलीत. थ्रीडी हाय. लई भारी असणार बघ.’’ दादा कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात अकाउंट्स बघायचा. एरवी पिक्चरला चल म्हटलं की ‘टीव्हीवर येईल की’ म्हणणारा माणूस. तो स्वतः तिकिटं काढतो म्हणजे काहीतरी भानगड आहे, एवढं मला कळलं.

कांदी पेढ्यांचा पुडा घेऊन सकाळीच निघाले. कराड, पेठ नाका, तेव्हाचं इस्लामपूर, आष्टा. जानेवारी म्हणजे कारखान्यांचा हंगाम. उसानं गच्च भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ओढत रस्ताभर चाललेले आणि त्यांच्यामागे आपली गाडी मुंगीसारखी. वहिनी दारातच म्हणाली, ‘‘वन्सं, तुमच्या भावाला काय झालंय विचारा जरा. पंधरा दिवस झाले, नुसतं त्या सामुराईंचं वाचत बसलेत.’’

झालं होतं ते असं. दादाच्या खात्याच्या साहेबांना, म्हणजे ज्यांनी त्याला नोकरीला लावलं, व्हाउचर कसं बघायचं इथपासून शिकवलं, त्यांना भर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलून घरी पाठवलं होतं. वीस वर्षांची नोकरी, आणि निरोपाचा चहासुद्धा नाही. खात्यातली बाकीची नऊ माणसं दुसऱ्या दिवशी आपापल्या टेबलावर येऊन बसली. बसणारच, कारण घराचे हप्ते कुणाला चुकलेत? पण बसल्या जागी प्रत्येकाला काहीतरी टोचत होतं. नवव्या माणसाचं नाव दादा.

आता कळलं ना, त्याला हाच पिक्चर का बघायचा होता ते?

मालक गेला, पगार बंद

रोनिन म्हणजे ज्याचा धनी गेलाय असा सामुराई. सोप्या मराठीत सांगायचं तर बेकार शिलेदार. आणि ही सत्तेचाळीस जणांची गोष्ट कुणाच्या डोक्यातून निघालेली नाही, ती घडलेली आहे. १७०१ साली एडोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या किल्ल्यात आको नावाच्या छोट्या संस्थानाचा तरुण सरदार आसानो यानं किरा नावाच्या बड्या दरबारी अधिकाऱ्यावर कट्यार उपसली. किरा जखमी झाला, पण वाचला. शोगुनच्या किल्ल्यात शस्त्र काढणं म्हणजे अक्षम्य गुन्हा. त्याच दिवशी आसानोला सेप्पुकू, म्हणजे स्वतःच्या हातानं पोट चिरून मरण्याची शिक्षा झाली. संस्थान खालसा. तीनशेच्या आसपास सामुराई एका दुपारीत रस्त्यावर!

आसानोनं हे का केलं? त्याचं खरं कारण कुणी लिहून ठेवलेलं नाही. लोकांमध्ये चालत आलेली गोष्ट अशी, की दरबारी रीतिरिवाज शिकवायचं काम किराकडे होतं, त्याला हवा तसा नजराणा मिळाला नाही आणि तो आसानोला चारचौघांत पाणउतारा होईल असं बोलत राहिला. बस्स, एवढंच. सीनियरनं केलेला अपमान. हे समजून घ्यायला जपानी इतिहासात पीएचडी लागत नाही. कुठल्याही ऑफिसात एक वर्ष काढलेलं पुरतं.

गंमत म्हणजे हे सामुराईदेखील तोवर आपल्यासारखेच झालेले होते. जपानात मोठी लढाई होऊन साठहून जास्त वर्षं उलटली होती. कमरेला दोन तलवारी, पण काम काय? तर हिशेब, पत्रव्यवहार, शेतसाऱ्याच्या नोंदी. पगार तांदळाच्या मापात. (त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं बघा! १६९९च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. प्रयागजी प्रभूंनी किल्ला एप्रिल १७००पर्यंत लढवला. मधल्या काळात राजाराम महाराज गेले आणि सूत्रं ताराबाईंच्या हाती आली. तिकडच्या सामुराईला लढाई ठाऊक नाही आणि इकडच्या मावळ्याला उसंत नाही.)

आकोचा कारभारी होता ओइशी कुरानोसुके. त्यानं किल्ला मुकाट्यानं सरकारजमा केला, संस्थानाच्या कागदी नोटा लोकांकडून परत घेऊन देणी भागवली आणि क्योटोकडे निघून गेला. तिथं तो दारू आणि नाचगाण्याच्या गल्ल्यांत इतका बुडाला, की बघणारे थुंकले. किराचे हेर मागावर होते. त्यांनी कळवलं, हा माणूस संपला. किराचा पहारा सैल झाला.

१७०३च्या जानेवारीअखेर, जपानी पंचांगाप्रमाणे बाराव्या महिन्याच्या १४ तारखेच्या रात्री, बर्फ पडून गेल्यावर सत्तेचाळीस जण किराच्या वाड्यावर चालून गेले. शेजाऱ्यांना आधी निरोप दिला: आम्ही दरोडेखोर नाही, घाबरू नका. किरा कोळसा-सरपणाच्या कोठीत दडलेला सापडला. त्याचं शिर घेऊन पहाटे शहर ओलांडत ते धन्याच्या समाधीपाशी, सेंगाकुजी देवळात गेले, तिथल्या विहिरीवर ते धुतलं, समाधीपुढे ठेवलं आणि सरकारच्या स्वाधीन झाले.

आता सरकारची पंचाईत. धन्यासाठी जीव द्यावा हे शिकवणार आपणच आणि कायदा मोडला म्हणून फासावर देणारही आपणच? दीड-दोन महिने खल चालला. शेवटी गुन्हेगारासारखं न मारता मानानं मरायची परवानगी, म्हणजे सेप्पुकू. सेहेचाळीस जण गेले. त्यात ओइशीचा पोरगाही होता, मिसरूड न फुटलेला. सत्तेचाळिसावा, तेरासाका नावाचा साधा पायदळातला शिपाई, त्याला सोडून दिलं गेलं. तो पुढे ऐंशी ओलांडून जगला.

आणि वाद संपलाच नाही. ‘हागाकुरे’ सांगणाऱ्या यामामोतो त्सुनेतोमो या सामुराईनं तर यांनाच नावं ठेवली. त्याचं म्हणणं, एवढे दिवस थांबलात कशाला? मधल्या काळात किरा आजारपणानं मेला असता तर? बॉस, याला म्हणतात पॉइंट! दादानं पंधरा दिवसांत हे सगळं वाचून काढलं होतं आणि थिएटरच्या रांगेत उभं राहून तो मला ते सांगत होता.

चष्मा लावला, दिवे गेले...

थिएटरचं नाव सांगत नाही, कारण पिक्चरचा राग त्यांच्यावर का काढा? एसी कुडकुडवणारा, थ्रीडीचे चष्मे ओरखडलेले, प्रेक्षक पंचवीस-तीस. पुढच्या रांगेत कॉलेजची पोरं.

सुरुवातीलाच जंगलात एक अवाढव्य अनेक डोळ्यांचा प्राणी धावत येतो. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग कळतं, हिरो काई हा अर्धा जपानी, अर्धा गोरा. भुताखेतांनी वाढवलेला अनाथ. खऱ्या इतिहासात त्याचा पत्ताच नाही. कियानू रीव्ह्जला पोस्टरवर घ्यायचा तर कुठेतरी बसवायला हवा ना! सरदाराच्या मुलीवर त्याचं प्रेम. इथवर ठीक. हिंदी पिक्चरवर पोसलेली माणसं आपण, कोट्यधीशाची पोरगी आणि अनाथ हिरो आपल्याला पाठच आहे.

पण मग तो प्रसंग आला. आसानो किरावर कट्यार उपसतो तो. दादा खुर्चीत पुढे सरकला. आणि पडद्यावर काय? चेटकिणीनं जादू केली, आसानोला भलतंच दिसायला लागलं, म्हणून तो धावून गेला!

दादानं चष्मा काढला. ‘‘म्हंजे अपमान झालाच न्हाई?’’

मला वाटतं, पिक्चर तिथंच पडला. पुढचे दीड तास नुसतं पडलेलं आवरणं. अपमान माणसानं केला तर उत्तर माणसानं द्यायचं असतं. चेटकिणीनं केला तर मांत्रिक बोलवावा. मग पुढे ओइशीचं नाटक, ती दारू, ती बदनामी, बायको-पोरांची ताटातूट, ज्यावर जपानी नट-नाटककार अडीचशे-तीनशे वर्षं जगले, ते सगळं गुल. त्याऐवजी त्याला वर्षभर खड्ड्यात कोंडतात आणि मग सोडून देतात. म्हणजे माणसानं स्वतःहून काहीच ठरवायचं नाही. शेवटी चेटकीण ड्रॅगन होते, काई त्याला मारतो, आणि शोगुन ओइशीच्या पोराला जीवदान देतो. जो खरा मेला, त्याला वाचवलं. जो कधी नव्हता, तो काई मात्र सेप्पुकू करतो. हिशेब जुळवला म्हणायचा.

नट वाईट होते का? अजिबात नाही. हिरोयुकी सानादाचा ओइशी नुसता उभा राहिला तरी बघत राहावं असा. रिंको किकुचीची चेटकीण तर सगळ्यांत जास्त मजा घेत होती. कपडे, वाडे, बर्फ... पैसा पडद्यावर दिसतो. दिसणारच. बजेट साडेसतरा कोटी डॉलरच्या घरातलं, म्हणजे तेव्हाच्या भावानं हजार कोटी रुपयांच्या वर. आणि हे सगळं कुणाच्या हाती? तर कार्ल रिंश या जाहिरातींमधून आलेल्या, पहिलाच पिक्चर करणाऱ्या दिग्दर्शकाच्या. शूटिंग बरंचसं बुडापेस्टमध्ये आणि लंडनजवळच्या स्टुडिओत. जगभरची तिकीटविक्री पंधरा कोटी डॉलरच्या आसपास थांबली आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा थिएटरवाल्यांचा. खुद्द जपानमध्ये लोकांनी पाठ फिरवली. का नाही फिरवणार? पावनखिंडीत बाजीप्रभूंच्या मदतीला हॉलिवूडनं उडता गरुड आणि एक गोरा पाठवला, तर आपण टाळ्या वाजवू का?

राक्षसाबद्दल माझी तक्रार नाही, हे मुद्दाम सांगते. सांगलीत बसून ती करताही येणार नाही! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ याच गावात रंगवलं. तिथून मराठी नाटक सुरू झालं, म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन. त्या काळच्या नाटकांत राक्षसपार्टी आरडाओरडा करत, नाचत, तलवारी परजत अशी काही शिरायची, की लोक त्या नाटकांना ‘अललडुर्र’ नाटकं म्हणायला लागले. पण तो राक्षस गोष्टीतला होता. रावणाला स्वयंवरातून उचलून बाहेर काढा, सीतेची गोष्ट उरत नाही. या पिक्चरमधून ड्रॅगन काढा, पाच मिनिटं वाचतात.

आयर्विन पुलावर

शो सुटल्यावर भडंगाच्या पुड्या घेऊन आम्ही आयर्विन पुलाकडे गेलो. १९२९चा पूल, खाली कृष्णा. वाईला घाटावर दिसते, कराडला प्रीतिसंगमावर कोयनेला भेटते आणि इथं संथ होते. साताऱ्याचं पाणी सांगलीला यायला काही सामुराई लागत नाहीत.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘नऊ जणांनी एकदम राजीनामे टाकायचे असं चाललंय आमचं. मी म्हटलं, आधी पिक्चर बघून येतो.’’

हसू नका. माणसं याहून क्षुल्लक गोष्टींवर नोकऱ्या सोडतात.

वहिनी भडंग चघळत म्हणाली, ‘‘राजीनाम्यानं साहेबांना काय मिळणार?’’

तिथं मला आमच्या साताऱ्याचा माणूस आठवला. चार भिंतीवर संध्याकाळी फोटो काढायला जाता ना तुम्ही? गाव दिसतं, वारा असतो, दोन जोडपी कोपऱ्यात. ते हुतात्मा स्मारक आहे. ज्यांच्यासाठी आहे, त्यांत रंगो बापूजी गुप्ते येतात. १८३९ साली इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि थोडीथोडकी नाही, तेरा-चौदा वर्षं तिथं राहिले. कंपनीच्या दारात अर्ज, भाषणं, छापील पत्रकं. परका देश, परकी भाषा, थंडी, उधारी. १८४७मध्ये महाराज काशीतच वारले. १८४८मध्ये डलहौसीनं सातारा खालसा केलं. म्हणजे धनीही गेला, राज्यही गेलं. तरी हा गडी आणखी पाच वर्षं भांडतच होता! १८५३च्या अखेरीस परतले ते वेगळंच मनात धरून. १८५७च्या सातारच्या कटाचा बोभाटा झाला, त्या सप्टेंबरात गेंडा माळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली. त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. कुठे गेले, आजतागायत पत्ता नाही. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजींवर आख्खा जाडजूड ग्रंथ लिहून ठेवलाय. आपल्याला शाळेत मिळाल्या दोन ओळी.

ओइशीचाही पोरगा, यांचाही पोरगा. फरक एवढाच, की ओइशीला एका रात्रीत काम उरकता आलं. रंगो बापूजींची लढाई फायलींची.

हे मी पुलावर सांगितलं तेव्हा दादा एवढंच म्हणाला, ‘‘फायलींची का?’’

राजीनामे पडले नाहीत. साहेबांची ग्रॅच्युइटी आणि बाकीची देणी कंपनीनं अडकवली होती. ग्रॅच्युइटी खरं तर ३० दिवसांत द्यायची असते, असा कायदा आहे. पण कायदा पुस्तकात असतो आणि चेकवर सही करणारा केबिनमध्ये. अकाउंट्समधला माणूस आतून काय करू शकतो? चोरी नाही, लपवाछपवी नाही. दर सोमवारी एक नोट वर पाठवायची: अमुक रक्कम देणं बाकी, अमुक कलम, अमुक दिवस उलटले. ऑडिटच्या वेळी तीच ओळ पुन्हा पुढे करायची. रिमार्क खायचा, दुसऱ्या सोमवारी पुन्हा पाठवायची. खात्यातले दोघे म्हणाले, दादा मॅनेजमेंटला फितूर झाला, मुकाट्यानं खाली मान घालून बसतो. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. मला वहिनीकडून कळायचं.

चौदा महिने लागले. साहेबांच्या खात्यात पैसे जमा झाले त्या महिन्याअखेरीला दादानं राजीनामा दिला. आता तो स्वतःची छोटी कन्सल्टन्सी चालवतो, मिरजेच्या रस्त्यावर. पिक्चरची तिकिटं पुन्हा कधी काढलेली नाहीत, हा भाग वेगळा.

मग बघायचं काय?

सामुराईचा हॅंगओव्हर उतरवायचा असेल, तर दोन-चार नावं सांगते. पहिला अर्थातच कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’, १९५४चा. सात बेकार सामुराई, एक गाव, दरोडेखोर. ‘शोले’ पाहून वाढलेल्या माणसाला गोष्ट ओळखीची वाटणारच. साडेतीन तासांचा आहे, पण घड्याळ बघावंसं वाटत नाही.

सत्तेचाळीस रोनिनांवर जपान्यांनी १७४८ साली कठपुतळीचं नाटक केलं तेव्हापासून आजवर थांबलेलेच नाहीत. १९६२चा इनागाकीचा ‘चुशिंगुरा’ रंगीत, भरजरी, तोशिरो मिफुनेसकट. आई-बाबांबरोबर बघा. मिझोगुचीचा १९४१-४२चा दोन भागांचा पिक्चर मात्र रविवारी जेवून बघू नका, झोप लागेल. त्यानं चक्क हल्लाच दाखवलेला नाही! ज्या रात्रीसाठी सगळे येऊन बसलेत, ती रात्र पडद्यावर नाही. बाया घरी बसून पत्रातून ऐकतात. ‘४७ रोनिन’नंतर बघितला की अंगावर येतो. कोरेएदाचा ‘हाना’, २००६चा, गमतीदार आहे. सूड घ्यायचाय, पण हिरोला तलवार धड चालवता येत नाही.

आणि टोकियोला ऑनसाइट गेलात तर सेंगाकुजीला जरूर जा. मेट्रो स्टेशनचं नावच सेंगाकुजी. शिर धुतलं ती विहीर आहे, समाध्या आहेत, आणि वर्षभर कुणी ना कुणी प्रत्येक समाधीपुढे उदबत्ती लावून गेलेलं असतं. १४ डिसेंबरला तर जत्राच.

दादाचा आवडता मात्र या सगळ्यांतला नाही. त्याचा आवडता २०१९चा ‘केस्सान! चुशिंगुरा’. म्हणजे काय, तर हल्ल्याचं बजेट! ओइशीनं मोहिमेच्या खर्चाची वही ठेवली होती आणि ती अजून शाबूत आहे. कुणाला प्रवासखर्च किती दिला, घरभाडं किती, शस्त्रांना किती. त्या वहीवरून हा विनोदी पिक्चर निघाला. वहीच्या शेवटी जमेपेक्षा खर्च जास्त होतो आणि कमी पडलेली रक्कम ओइशीनं पदरची घातल्याची नोंद आहे. दादा म्हणतो, व्हाउचर असं पाहिजे.